भट्टीच्या उबेला हलगी : मुरबाडकडच्या लोहाराच्या अंगणातली गाणी

मुरबाड तालुक्यात म्हशाच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून थोडं आत एका लोहाराच्या भट्टीवर थंडीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची बैठक बसते. भाताची झोडणी उरकलेली असते, विळ्या-कोयत्यांचं काम ओसरलेलं असतं आणि म्हशाची जत्रा भरायला अजून अवकाश असतो. ना मंडप, ना माईक, ना पत्रिका. आसपासच्या वाड्यांतले भजनी, हलगीवाले, शहापूरकडचे तारपा हे फुंकवाद्य वाजवणारे आणि आगरी बायका आपापल्या सोयीने येतात. मंदिर मोकळं असताना आणि शाळेचं पटांगण जवळ असताना ही मंडळी भट्टीवरच का जमतात? याचं उत्तर चामड्यात आहे. हलगी, ढोल, संबळ या वाद्यांना थंडीच्या रात्री विस्तव लागतो, आणि लोहाराकडे तो मापात मिळतो.

शुक्रवार

ठाण्याहून लोकलने कल्याण, कल्याण एसटी स्थानकातून मुरबाड, तिथून म्हशाकडे जाणारी गाडी. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मुरबाडला अंधार पडायच्या आत पोचावं. पुढे आतल्या वाड्यांना जाणाऱ्या गाड्या संध्याकाळनंतर विरळ होतात आणि शेअर रिक्षा भरल्याशिवाय निघत नाही.

भट्टी म्हणजे तीन बाजूंनी मोकळी, वर कौलं आणि कडेला पत्रा अशी शेड. जमिनीतच खड्डा, त्याला मातीचा लेप, आणि तळाशी भात्याची नळी. ऐरण ऐनाच्या ओंडक्यात गुडघाभर उंचीवर रोवलेली. ओंडका जमिनीत दोनेक फूट खोल असतो, नाहीतर घणाच्या ठोक्याने ऐरण हलते आणि ठोक्याचा जोर लोखंडाऐवजी जमिनीत जातो. बाजूला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तो बारीक कामासाठी. पाण्याची दगडी दोणी, सांडश्या, छिन्न्या, भोक पाडायचे सुंबे. चप्पल घालून ऐरणीजवळ जायचं नाही आणि तिच्यावर बसायचं तर नाहीच. खंडेनवमीला हिची पूजा होते.

संध्याकाळी कोळसा निवडायचं काम चाललं होतं. रोजच्या कामाला दगडी कोळसा चालतो, पण बैठकीच्या रात्री लाकडीच लागतो. दगडी कोळशाला गंधकाचा वास असतो, पेटताना पिवळा धूर सोडतो आणि गाणाऱ्यांचे घसे धरतात. लाकडी कोळसा एकदा फुलला की धूर नाही, ज्वाळ नाही, नुसती धग. सुपारीएवढ्या खड्यांच्या खाली जो चुरा असेल तो चाळून बाजूला काढायचा, कारण चुऱ्याने वारा अडतो आणि मग भाता जोरात मारला की ठिणग्या उडतात. बसलेल्या माणसांच्या अंगावर ठिणगी नको. एक पोतं कोळसा रात्रभर पुरतो, कारण लोखंड तापवायला लागतो तेवढा वारा मैफिलीत द्यायचाच नसतो.

दुसरी तयारी वाऱ्याची. हल्ली बहुतेक भट्ट्यांवर विजेचा पंखा बसवलेला असतो. त्याची घरघर तुणतुण्याच्या तारेला पार खाऊन टाकते. इथे शुक्रवारीच मोटार सोडवून ठेवली आणि जुना चामड्याचा भाता नळीला जोडला. चामडं कोरडं पडून चिरलं असेल तर आदल्या दिवशी तेल चोळावं लागतं, आणि झडप नीट पडते की नाही ते बघावं लागतं. झडप अर्धवट राहिली तर भाता वर उचलताना भट्टीतली ऊन हवा आणि ठिणगीच आत ओढून घेतो. पूर्वी असे भाते आतून जळायचे ते याच कारणाने.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. थंडी सूर्य बुडाल्याबरोबर पडते. डोंगर जवळ असल्यामुळे इथली रात्र ठाण्यातल्या रात्रीपेक्षा बरीच गार असते. स्वेटर, कानटोपी आणि अंथरायला जाड सतरंजी, एवढं आणावंच. कपडे मात्र सुतीच हवेत. नायलॉनच्या जाकिटावर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं.

शनिवार, दिवसा

सकाळचं काम हलगीच्या कड्याचं. बैठकीला येणाऱ्या एका हलगीवाल्याचं कडं सांध्यावर उकललं होतं, त्याला नवं करून हवं होतं. हे काम बघायला मिळणं हाच या दिवसातला मोठा लाभ, म्हणून सगळं क्रमाने सांगण्यासारखं आहे.

बारा इंच व्यासाच्या कड्याला सव्वा इंच रुंद, तीन मिलिमीटर जाड अशी लोखंडी पट्टी घेतात. लांबी काढायची ती आतल्या व्यासात पट्टीची जाडी मिळवून, मग सव्वातीन पटीने धरून नव्हे, 3.14 ने गुणून. म्हणजे अडतीस इंच, आणि सांध्याच्या चढणीला आणखी दीड इंच. जाडी मिळवायची विसरली तर कड्याचा घेर पाव-अर्धा इंच लहान येतो आणि जुनं चामडं त्यावर ढिलं बसतं. पट्टी साधी, मऊ लोखंडाची हवी. ट्रकच्या कमानीचा पाटा कोयत्याला उत्तम, कारण त्याला पाणी दिलं की धार टिकते. कड्याला तो घेऊ नये. वळवताना उलटा उसळतो आणि चुकून पाण्यात बुडला तर पडल्यावर तडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी तर भट्टीत घालूच नये. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आधी दोन्ही टोकं लाल करून त्यांना उतार काढला, म्हणजे एकावर एक बसल्यावर सांधा जाड होत नाही. मग पट्टी नारिंगी रंगापर्यंत तापवून ओंडक्यातल्या खाचेवर थोडी थोडी सरकवत वाकवली. एकाच जागी ठोकलं तर कोन पडतो आणि तो नंतर निघत नाही. तीन मिलिमीटरची पट्टी बाहेर काढल्यावर दहा-पंधरा सेकंदच कामाची राहते, म्हणून एका तावात, म्हणजे एकदा तापवल्यावर, चार-पाच बोटंच वळतात. पुन्हा भट्टी, पुन्हा ताव. पूर्ण गोल यायला असे बरेच ताव लागले.

सांधा डाखावा की रिवेट मारावी यावर हलगीवाले मामा आणि लोहारदादा यांचं थोडं झालं. डाख म्हणजे दोन्ही टोकं पांढऱ्या रंगापर्यंत तापवायची, टाकणखार भुरभुरायचा आणि घणाने एकजीव करायची. जाड लोखंडाला हे उत्तम. पातळ पट्टीत पांढरा रंग आणि जळणं यांत फार थोडं अंतर असतं. फुलबाजीसारख्या चांदण्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळतंय, मग ते टोक कापूनच टाकावं लागतं. शेवटी लोहारदादा म्हणाले, "मामा, तुम्हाला वाजवायचंय का मिरवायचंय? दोन रिवेटी मारतो, तुमच्या नातवापर्यंत जाईल." दोन रिवेटी मारल्या. त्यांची डोकी बाहेरून सपाट ठोकली, कारण वर आलेलं डोकं चामड्याला आतून खातं.

शेवटचं काम कानशीचं, आणि तेच बहुतेक लोक टाळतात. कड्याची जी कड चामड्याला लागणार ती पूर्ण गोलसर करायची, बोटाने फिरून बघायची, कुठे बूर, म्हणजे धारेचा खरबरीत कंगोरा, लागला की पुन्हा घासायची. हलग्या फाटतात त्या मधोमध टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, बसून नव्हे, कडेला कापल्या जाऊन. कडं तयार झालं तेव्हा पाऊण किलोच्या आसपास भरलं. डाव्या हातावर रात्रभर पेलायचं म्हणजे याहून जड परवडत नाही.

चामडं शेळीचं. ते रात्रभर पाण्यात भिजवून, केस काढून, ओलं असतानाच कड्यावर ताणायचं आणि मागून वादीने ओवायचं. ओवताना एका बाजूने ओळीने जायचं नाही. समोरासमोरची भोकं घ्यायची, म्हणजे ताण सगळीकडे सारखा येतो. वाळवायचं सावलीत. उन्हात वाळवलं तर वरचा थर आधी आखडतो आणि मधे ओठ फुटल्यासारखी चीर जाते. त्यामुळे आज केलेलं कडं आज रात्री वाजणार नाही, हे धरूनच यावं. मामांनी दुसरी हलगी आणली होती.

दुपारी गावातली एक आजी फाळ घेऊन आली. घण चालवत होत्या लोहारदादांच्या घरच्या, वहिनी. दादांच्या हातात लहान हातोडा, वहिनींच्या हातात घण. बोलणं काही नाही. दादा हातोड्याने जिथे टिचकी मारतात तिथे पुढचा घण पडायचा. हातोडा नुसता ऐरणीच्या अंगावर दोनदा खणखणला की घण थांबवायचा. लहान ठोका, मोठा ठोका, लहान, मोठा, आणि मधे ऐरणीवर एक मोकळी टिचकी. ती मोकळी टिचकी हात लयीत राहावा म्हणून असते. शेजारी बसलेल्या हलगीवाल्या पोराने ती लय गुडघ्यावर धरली आणि दोन तावांच्या मधल्या वेळात हलगीवर वाजवून दाखवली. वहिनींनी ऐकून मान हलवली, "चौथा उशिरा पडतो तुझा. लोखंड गार होईल." पोराने पुन्हा वाजवलं, या वेळी चौथा वेळेवर.

बघणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही, भाजतं ते काळं लोखंड. लाली गेल्यावरही ते तीन-चारशे अंशांवर असू शकतं. जमिनीवर पडलेला कोणताही तुकडा उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघावी. लहान मुलं सोबत असतील तर दोणीच्या पलीकडे बसवावीत. ठोकताना उडणारी लोखंडाची खपली चार-पाच फूट जाते.

शनिवारची रात्र

अंधार पडल्यावर भट्टीतला निखारा पसरट केला आणि माणसं बसायला लागली. कोणी कुठे बसायचं हे वाद्य ठरवतं. हलगी आणि संबळ अगदी जवळ. त्यांच्या मागे पखवाज. टाळकरी त्याच्या दोन्ही बाजूंना. तुणतुणं आणखी मागे. आणि तारपा शेडच्या बाहेर, अंगणाच्या टोकाला.

याला कारण आहे. हलगीचं चामडं उघडं आणि पातळ, हवेतली ओल चटकन पितं आणि सैल पडतं. मग टिपरू मारलं की 'टण' ऐवजी 'भद' असा आवाज येतो. ती निखाऱ्यावर दीड वीत अंतराने धरायची, चामडं खाली, आणि सारखी फिरवत राहायची. मधेच अंगठ्याने टिचकी मारून बघायची. दोन-तीन मिनिटांत आवाज चढतो. ज्वाळेवर धरली तर कडेचं चामडं कडक होऊन तिथेच फाटतं. लोखंडी कडंही तापतं, पण त्याचं फुगणं केसाएवढंच. आवाज चढतो तो चामड्यातली ओल उडाल्यामुळे. दहिवर पडायला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा शेकावी लागते. म्हणून जाणता हलगीवाला दोन हलग्या आणतो, एक हातात आणि एक भट्टीवर. उजव्या हातात जाडसर टिपरू, डाव्यात बारीक काडी. काडी ओली झाली तर तीही लवते, म्हणून तीसुद्धा कानशिलाला अडकवून कोरडी ठेवतात.

पखवाजाला मात्र ही धग सोसत नाही. त्याच्या उजव्या तोंडाची शाई म्हणजे लोखंडाची भुकटी आणि खळ यांचा घोटून चढवलेला थर. जास्त तापली की ती तडकते आणि तडकलेली शाई परत बसत नाही. डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली, ती भट्टीच्या उबेने लवकर सुकते आणि कडा सोडते. पखवाजीबुवांनी शेजारी पाण्याची वाटी ठेवली होती. दोन अभंगांच्या मधे बोट बुडवून कणीक दाबायचे.

तारप्याचं आणखी वेगळं. भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा, आणि हे सगळं एकमेकांत धरून ठेवणारं मधमाश्यांचं मेण. मेण साठ-पासष्ट अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ होऊन सांधा सोडतं, आणि सांध्यातून वारा निसटला की सूर फाटतो. थंडी आणि तारपा यांचं जमतं, भट्टी आणि तारपा यांचं नाही. तारपावाले काका सांगत होते की दुपारच्या उन्हातही वाद्य ओल्या फडक्यात ठेवावं लागतं. तारप्याचा मुख्य मुलूख जव्हार, मोखाडा, डहाणू. 2014 सालच्या ऑगस्टपर्यंत हा सगळा ठाणे जिल्हाच होता, मग पालघर वेगळा झाला. शहापूरच्या वारली वाड्यांवर अजून तारपे वाजतात.

सुरुवात भजनाने. 'रामकृष्णहरी'चा गजर, मग अभंग. बुवांचा आवाज पहिल्या दोन अभंगांत बसलेला होता, तिसऱ्याला मोकळा झाला. कोणी मधे उठून दाद दिली नाही, फोन वर धरले नाहीत. साडेदहाच्या सुमारास कोरा चहा फिरला, गवती चहा घालून, गूळ जास्त.

मग हलगी. इथे बैठक खऱ्या अर्थाने भट्टीची झाली. लोहारदादांनी एक जुना फाळ निखाऱ्यात खुपसला, भाता चालू केला. फाळ तापत असेपर्यंत हलगी एकटी, अगदी संथ. भाता वर जाताना टिपरू थांबलेलं, खाली येताना पडतंय. लोखंड नारिंगी झालं, बाहेर आलं, आणि घण पडायला लागला तशी हलगी दुपटीत गेली. लोखंड जाड असल्याने हा ताव अर्ध्या मिनिटाच्या वर टिकला. रंग उतरून गडद लाल झाला की दादांनी ऐरणीवर दोनदा खणखणवलं, घण थांबला, आणि हलगीही तिथेच. मधली शांतता पुढच्या तावापर्यंत, दोन-अडीच मिनिटांची. त्या वेळात संबळवाल्याने एकट्याने चार आवर्तनं घेतली. असे कितीतरी ताव झाले. लोखंडाच्या रंगावर गाण्याची लांबी ठरते, हे इथेच बघायला मिळतं. इतर ठिकाणी हलगीवाला थकला किंवा माणसं थकली की थांबतात. इथे लोखंड थांबवतं, आणि त्यामुळे प्रत्येक तुकडा जोरात असतानाच तुटतो.

हे घराच्या आत, बंद खोलीत कोणी हौसेने करायला जाऊ नये. निखाऱ्याच्या धगीत वास नसलेला विषारी वायू असतो. शेड तीन बाजूंनी उघडी आहे म्हणून चालतं.

एका शाहिरांनी भाई कोतवालांवरचा पोवाडा म्हटला. या भागात तो म्हटला जाणारच. 1942च्या चळवळीत कोतवाल आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943ला याच डोंगररांगेतल्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. मनोऱ्याचे लोखंडी पाय कापण्याचं कडवं आलं तेव्हा लोहारदादा भात्यावरून उठून पुढे येऊन बसले.

बारानंतर तारपा. सगळे अंगणात गेले. वाजवणारा मधे, हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती. श्वास न तोडता वाजवायचं असतं. गालात हवा साठवून ती दाबत असतानाच नाकाने नवीन घ्यायची. तारप्याने चाल बदलली की साखळीतल्या पहिल्याचा पाय बदलतो आणि मग शेवटच्यापर्यंत ती चाल पोचते. नव्या माणसाने साखळीच्या टोकाला लागू नये, मधे लागावं. दोन्ही बाजूंचे हात चुकू देत नाहीत.

धवले सगळ्यात शेवटी. आगरी लग्नांत धवलारणी म्हणतात ती गाणी, वाद्याशिवाय. कल्याणकडून आलेल्या दोघी मावश्या निखाऱ्याजवळ बसल्या आणि ओळ एकीने टाकायची, दुसरीने उचलायची असं सुरू झालं. यातलं सगळं ऐकायला खूप वेळ हाताशी लागतो. हळद, मांडव, पाणी भरणं, प्रत्येक विधीचं आपलं गाणं आहे आणि ते गाळून पुढे जाता येत नाही. भात्याचा हातही थांबवला होता. या बैठकीत सर्वांत आधी जाईल ते हेच. हलगी शिकणारी पोरं होती, टाळकऱ्यांत शाळकरी मुलं होती, धवले म्हणणाऱ्या दोघींच्या मागे कोणी नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये बँजो वाजत असताना ही गाणी कुठे बसवायची? ज्यांच्या घरात अजून धवलारीण बोलावतात त्यांनी तिच्या परवानगीने पूर्ण विधीचं ध्वनिमुद्रण करून ठेवावं, तुकड्यांचं नव्हे.

रविवार

सकाळी दहिवराने अंगण ओलं होतं. भट्टीतली राख काढून तिच्यातून न जळलेला कोळसा वेचला गेला, तो सोमवारच्या कामाला. नव्या कड्यावरचं चामडं कडेला वाळलं होतं, मधे अजून मऊ. मामांनी ते तसंच सावलीत ठेवायला सांगितलं.

भाकरी-चटणी खाऊन म्हशात उतरलो. जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. खिल्लारी जोड्यांपासून घोंगड्यांपर्यंत सगळं तिथे येतं आणि लोहारांची शेतीची अवजारंही. जत्रेच्या दिवसांत हा रस्ता वाहनांनी भरतो, म्हणून बैठक आणि जत्रा एकाच फेरीत बसवायला जाऊ नये. म्हशावरून देहरीच्या दिशेला गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके स्वच्छ दिसत होते.

ज्यांना इथून कडं किंवा हलगी करून न्यायची आहे त्यांच्यासाठी: व्यास आधी ठरवून सांगावा, आणि पावसाळ्याच्या तोंडावर मागणी करू नये. तेव्हा भट्टीवर फाळ-कोयत्यांची रांग असते आणि चामडंही नीट वाळत नाही. पैसे कड्याचे वेगळे, चामड्याचे वेगळे, दोन्ही माणसं वेगळी आहेत. बैठकीला तिकीट नाही, पण कोळसा, चहा आणि जेवण यांचा खर्च लोहाराच्या घरावर पडतो. निघताना तो वहिनींच्या हातात द्यावा. वाजवणाऱ्यांचं मानधन त्यांना स्वतंत्र, प्रत्येकाला.

ठाण्यात आणल्यावर हलगी भिंतीला टेकवून ठेवू नये. भिंतीची ओल चामड्याच्या एकाच बाजूला लागते आणि ताण बिघडतो. खिळ्याला टांगावी, मागून वारा लागेल अशी. जून ते सप्टेंबर सुती कापडात गुंडाळून कपाटात वरच्या कप्प्यात, प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्यावा. शेकायला निखारा नसेल तर गॅसच्या ज्योतीवर धरू नये. लोखंडी तवा चांगला तापवून गॅस बंद करावा आणि त्याच्यावर वीतभर अंतराने हलगी फिरवत राहावी, टिचकीला 'टण' येईपर्यंत.